माझ्या गोधड्या आणि त्यांचा हिशोब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत या सत्राला 'छंद आणि आपण' असं नाव दिलंय. माझ्या आधी दोघीजणी बोलल्या, एक गाण्याबद्दल आणि एक ट्रेकिंगबद्दल. मी गोधड्या शिवते, म्हणून मला उभं केलंय. नोकरीतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. त्याआधीही शिवत होते, पण तेव्हा वर्षाला एखादी व्हायची. आता एका वेळी चार-चार हातात असतात आणि त्यांतली एकही लवकर पुरी होत नाही.

मी आज जास्त करून शिवणकामाबद्दलच बोलणार आहे. कापड, दोरा, टाके, माळ्यावरची गाठोडी. ज्यांना यात रस नाही त्यांनी थोडा धीर धरावा, कारण शेवटी माझी एक मागणी आहे. येत्या दिवाळीच्या विक्रीत आपल्या टेबलावर सभासदांनी शिवून दिलेल्या गोधड्या पाचशे रुपयांना ठेवायच्या असं कार्यकारिणीत ठरतंय. माझा त्याला विरोध आहे. तो का, हे गोधडी कशी होते ते सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

सध्या हातात काय काय आहे ते आधी सांगते. सगळ्यात मोठं काम आहे माझ्या सासूबाईंच्या नऊवारींचं. त्यांची तीन सुती लुगडी माझ्याकडे आली. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्याचे पावणेसात फुटांचे चार थर निघतात. पण लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसून बसून मधला भाग आधी जातो, काठ आणि पदर शेवटपर्यंत शाबूत राहतात. म्हणून घडी अशी घालायची की एका थराचा विरलेला भाग दुसऱ्या थराच्या धडक्या भागाखाली यावा. मी प्रत्येक थर उन्हाकडे धरून बघते. जिथून जास्त उजेड येतो तिथं खडूने खूण करते आणि त्या खुणा एकमेकींवर येणार नाहीत अशी रचना करते. हे काम टाके घालण्यापेक्षा अवघड आहे आणि याला कुठलंही नाव नाही. 'मांडणं' म्हणतात, बस्स.

दुसरं आहे एक दुपटं. शेजारच्या मुलीला दिवस गेलेत, तिच्या बाळंतविड्यात द्यायचं आहे. दुपट्याला नवं कापड मी कधीच वापरत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलचं धोतर किंवा वायलची साडी, फक्त तीन थर आणि एकही गाठ वर नाही. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची, नाहीतर बाळाच्या पाठीला टोचते. मुलगा होईल का मुलगी ते ठाऊक नाही, म्हणून रंग कोणता घेऊ असं मुलीच्या आईने विचारलं. मी तिला म्हटलं, धोतर पांढरंच असतं.

तिसरी गोधडी ठिगळांची. ही मी कवंदीच्या पद्धतीने करतेय. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. या समाजातल्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. त्यांची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपण बहुतेक वेळा वर-खाली अख्खी साडी लावतो, आत जुन्या कपड्यांची भर घालतो आणि मग धावदोरा मारतो. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात. एक तुकडा ठेवायचा, त्याची कड आत मुडपायची, टाके घालत पुढे जायचं, लगेच दुसरा तुकडा. अशा कडेने फेऱ्या मारत मारत मध्यावर पोचायचं. म्हणजे ठिगळ जोडणं आणि थर बांधणं एकाच टाक्यात होतं, आधी तुकडे जोडा आणि मग शिवा अशी दोन कामं उरत नाहीत. चार कोपऱ्यांना त्या घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला 'फुला' म्हणतात. हे फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मला या रीतीतली मोकळीक आवडते. आधी नकाशा काढावा लागत नाही, हाताला येईल तो तुकडा पुढचा. अर्थात रंग काय दिसेल याचं भान ठेवावंच लागतं, नाहीतर सगळी तपकिरी होऊन बसते.

चौथ्या कामाबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या एकीने मला तिचा लग्नातला शालू आणून दिला. म्हणाली, याची गोधडी करा, पण वरून दिसायला नको, आत घाला. मी जर काढून वेगळी केली. जर आत राहिली तर ती आतून कापड कापत जाते आणि खरी असेल तर जरवाला वजनावर घेतो. तिची खरी निघाली, पैसे तिला दिले. रेशीम आत घातलं, वर इंदुरी सुती साडी. तिची गोधडी निम्मी झालीय.

आता तंत्राबद्दल. नव्याने शिकणाऱ्या मुली विचारतात, कोणती सुई, कोणता दोरा? सुई लांब नेढ्याची, दाभण नको. दाभणाने भोक मोठं पडतं आणि जुनं कापड तिथूनच फाटतं. दोरा जाड सुती, लडीचा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक वापरतात, पण इथं तेच वाईट. दोरा कापडापेक्षा मजबूत असला की ताण आल्यावर दोरा राहतो आणि कापड चिरतं. सुती दोरा आधी तुटतो आणि दोरा पुन्हा घालता येतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्यावा, वावभरापेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. अंगुस्तान वापरा. आमच्या आया वापरत नसत आणि त्यांच्या मधल्या बोटाला घट्टा असे, त्याचं कौतुक करायचं काही कारण नाही.

कापड आधी धुऊन, वाळवून घ्या. नवं असेल तर ते आटतं, आणि जुन्याच्या जोडीला नवं घातलं तर पहिल्या धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. रंग जाणाऱ्या कापडाला मिठाच्या पाण्यात भिजवा असं सगळ्याजणी सांगतात. माझा अनुभव असा की ज्याचा रंग जायचा त्याचा जातोच. एक पांढरा ओला फडका त्यावर दाबून बघा, डाग पडला तर ते कापड वेगळं ठेवा.

मग अंथरणं. याला जागा लागते. सात फूट लांब, पाच फूट रुंद मोकळी जमीन. दोन खोल्यांच्या घरात ती कुठं आहे? माझ्याकडे जेवणाची खोली आहे आणि तीही फक्त दुपारी. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि इस्त्री ठेवून कापड ताणून घ्यायचं, हाताने मधून कडेकडे सारखं करत सुरकुत्या काढायच्या आणि मोठे कच्चे टाके घालायचे. हे एका दुपारी संपवावंच लागतं, कारण रात्री त्याच जमिनीवर पानं मांडायची असतात. गोधडीचे कच्चे टाके इतके घाईघाईने का घातलेले असतात असं मला एका प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं होतं. त्यांना हे उत्तर पटलं की नाही ठाऊक नाही.

कच्चे टाके झाले की गोधडी मांडीवर येते. मग ती गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, मीटिंगमध्ये, कुठंही शिवता येते. आपल्या मागच्या तीन बैठकांत मी कवंदीचे चार फेरे पुरे केले. कुणी रागावू नका, माझं लक्ष होतं.

किती थर घालायचे? सगळे सांगतात की कोण पांघरणार त्यावर ते ठरतं. मी कोण धुणार त्यावर ठरवते. सात थरांची गोधडी कोरडी अडीच-तीन किलोची असते, भिजली की दोघींना पिळता येत नाही. पूर्वी नदीवर, कालव्यावर नेऊन आपटून धुवायच्या, आणि ते काम घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेकडे असायचं. आमच्याकडे सातारा-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. अनेक घरांत वाकळ हेच अंथरूण आणि तेच पांघरूण. तिथल्या बायकांना कुणी म्हटलं की तुमचा छंद छान आहे, तर त्या हसतील. थंडी वाजते म्हणून शिवायची, त्यात छंद कसला?

माझ्याकडे मात्र तो छंदच आहे, हे मी नाकारत नाही. माझ्या घरात रजई आहे, चादरी आहेत. शिवताना मला आनंद होतो म्हणून मी शिवते. आणि बाईने केवळ आनंदासाठी काही करावं, याला आपल्याकडे अजून कारण द्यावं लागतं. पुरुष कॅरम खेळायला गेला तर त्यातून घराला काय मिळालं असं कुणी विचारत नाही. बाईचा छंद मात्र उपयोगी पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि घरातच झाला पाहिजे. म्हणून 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्द मला अजिबात आवडत नाही. मासिकांतली ती सदरं तुम्हीही वाचली असतील. टाकाऊ काय असतं? ते कापड कुणीतरी विणलेलं, कुणीतरी तीस वर्षं नेसलेलं. आणि टिकाऊ आपोआप होत नाही.

आता गाठोड्यांकडे येऊ. माझ्या माळ्यावर आणि पलंगाखाली मिळून किती कापड आहे हे एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजलं. त्रेचाळीस किलो भरलं. घरातल्या माणसांच्या प्रतिक्रिया सांगत नाही. मी ते चार भागांत ठेवते: अंगाला लागेल असं मऊ सुती, वर लावण्याजोगं शाबूत सुती, आत भरायचं विरलेलं, आणि काठ-पट्ट्या. काठांचा गोट फार सुरेख होतो. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं तरी दरवर्षी एकदा उन्हात टाकावं लागतं, नाहीतर कसर लागते.

हे कापड येतं कुठून? पूर्वी प्रश्न नव्हता. घरात सुती साड्या, धोतरं, पैरणी होत्या. तेव्हा आपली स्पर्धा फक्त बोहारणीशी असायची. ती भांड्याच्या बदल्यात कपडे नेते, पण धडके निवडून नेते आणि फाटकं परत ठेवते. ती बाईही कष्टानेच पोट भरते. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन जिने चढते, त्यामुळे तिच्याशी घासाघीस करताना मी हात आखडता घेत नाही. आता अडचण वेगळीच झालीय. मी गोधड्या शिवते हे कळल्यापासून ओळखीच्या बायका पिशव्या भरभरून साड्या आणून देतात आणि त्यांतल्या दहांपैकी आठ पॉलिएस्टरच्या असतात. त्या घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवरून सरकतात, सुई घसरते. ओळखायचं असेल तर एक धागा काढून काडी लावा. सुती जळतं तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख भुरभुरीत होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मग मी चौकातल्या ब्लाउजच्या शिंप्याकडून कातरण घेते. ब्लाउज अजून बरेचसे सुती शिवले जातात, निदान अस्तर तरी. तो मला फुकट देत होता. मी किलोमागे पैसे देते, कारण त्याच्याकडे काजं-बटणं करणारी मुलगी तेच कातरण उशीत भरायला नेत असे.

या शेवटच्या वाक्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. फुकट हा शब्द गोधडीच्या भोवती फार फिरतो. कापड फुकट, वेळ फुकट, बाई रिकामीच आहे. मी पहिल्यापासून एक वही ठेवली आहे. त्यात प्रत्येक गोधडीचं माप, थर आणि लागलेले तास लिहिते. एक साधा हिशोब तुम्ही माझ्याबरोबर करा. गोधडी सात फूट बाय पाच फूट. टाक्यांच्या ओळी एकमेकींपासून दोन सेंटिमीटरवर. पाच फुटांत पंचाहत्तर ओळी बसतात, प्रत्येक ओळ दोन मीटरच्या वर. म्हणजे हाताने घातलेला दीडशे मीटरपेक्षा जास्त धावदोरा. सहा-सात थरांतून सुई काढताना माझे तासाला तीन मीटर होतात. पन्नास-बावन्न तास झाले. निवडणं, धुणं, मांडणं, कच्चे टाके आणि शेवटचा गोट याचे आठ तास धरा. एकूण साठ. या साठ तासांची गोधडी आपण पाचशेला विकणार, म्हणजे तासाला आठ-सव्वाआठ रुपये. कापडाची आणि दोऱ्याची किंमत शून्य धरून. खुरपायला गेलेल्या बाईला यापेक्षा जास्त मिळतात.

हे तास सरकारदरबारी कुठं जातात तेही बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणूस काय काम करतो याला आकडे दिलेले असतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, भाजी, चारा गोळा करणारी, घरच्यासाठी शिवणारी, विणणारी. म्हणजे शिवण त्यांना दिसलं, त्याला वेगळा आकडाही दिला. आणि ९२ आणि ९३ दोघींनाही श्रमशक्तीच्या बाहेर बसवलं. २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आलं, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. घरकाम आणि छंद यांच्यामध्ये बाईच्या दिवसात रेघ कुठं मारायची हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. दुपटं शिवते तो छंद, त्याच दुपारी नातवाची चड्डी दुरुस्त करते ते घरकाम. सुई तीच.

तरीही पैसे न घेता शिवणं हा माझा प्रश्न आहे असं म्हणता आलं असतं. मला निवृत्तिवेतन आहे, माझं पोट गोधडीवर नाही. पण ज्यांचं आहे त्यांचं काय?

अहमदाबादची हकिगत तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना ठाऊक असेल, नव्यांसाठी सांगते. तिथल्या गिरण्यांतून कापडाच्या चिंध्या निघत. व्यापारी त्या विकत घेत आणि दरियापूर भागातल्या मुसलमान बायकांना घरी देत. त्या चिंध्या जोडून खोळी शिवत, आणि व्यापारी नगावर पैसे देत. घरात बसून, मुलं सांभाळत, बुरख्यातल्या बायका करतात तो फावल्या वेळचा उद्योग, असं व्यापारी म्हणत. १९७० च्या दशकाच्या शेवटी या बायका 'सेवा' संघटनेकडे आल्या. 'सेवा'लाही १९७२ मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदणी करताना सरकारी खात्याने आधी नकार दिला होता. का, तर तुमचा मालक कोण, तुम्ही भांडणार कुणाशी? खोळीवाल्या बायकांनी दर वाढवून मागितला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांना चिंध्या देणंच बंद केलं. मग संघटनेने चिंध्या थेट गिरण्यांकडून मिळवायचा प्रयत्न केला, बायकांनी स्वतःचं काम सुरू केलं आणि त्यातून 'सबीना' नावाची सहकारी संस्था उभी राहिली. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा 'श्रमशक्ती' हा अहवाल १९८८ मध्ये आला, त्यात घरबसल्या काम करणाऱ्या बायका कामगार म्हणून पुढे आणल्या गेल्या. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या कामाबद्दलचा १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही.

या बायका जे शिवत होत्या तेच मी शिवते. चिंध्या त्याच, टाका जवळपास तोच. त्या कामाला फावल्या वेळचा उद्योग म्हणून दर पाडला गेला. आता माझ्यासारख्या बायका खरोखरच फावल्या वेळात शिवून ते स्वस्तात बाजारात ठेवायला लागल्या तर व्यापाऱ्याचं म्हणणं आपणच खरं करून दाखवतो.

परदेशातही यात फार वेगळं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं काळ्या लोकांचं गाव आहे. गुलामांच्या वंशातल्या या बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ साली, त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, आणि त्यातली उरलेली कॉर्डरॉय त्यांच्या गोधड्यांत दिसायला लागली. माझ्या शिंप्याच्या कातरणासारखंच. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या, जगभर कौतुक झालं. आणि २००७ मध्ये त्यांतल्या काहीजणींना आपला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात जावं लागलं. पुढच्या वर्षी ते खटले मिटले. कौतुक झालं की हिशोब आपोआप होतो असं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता आपल्या गावातलं बघू. पेठेच्या मागच्या वस्तीत एक मावशी गोधड्या शिवून देतात. गिऱ्हाइकाने कापड आणायचं, त्या उक्तं काम घेतात, सातशे रुपये. दोन बोटांच्या अंतराने टाके घालतात, म्हणून त्यांची पंचवीस तासांत होते. तासाला अठ्ठावीस रुपये पडले. पाठ दुखते, डोळ्याला पाणी येतं, पण हेच काम आहे. गेल्या वर्षी आपल्या टेबलावर सहा गोधड्या साडेचारशेला गेल्या. त्यानंतर मावशींकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलं, अहो, त्या महिला मंडळात साडेचारशेला मिळते, कापडासकट आणि बारीक टाक्याची, तुम्ही सातशे कसले घेता? मावशींनी ती सहाशेला केली. हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. भाव पडलाय बाई आता, एवढंच म्हणाल्या. भाव कुणी पाडला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खजिनदारबाईंचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते हलकं नाही. पैसे समुपदेशन केंद्राला जातात, सभासद खुशीने शिवून देतात, दोन हजाराची गोधडी कुणी घेत नाही, आणि माल पडून राहिला तर केंद्राचं भाडं कुठून भरायचं? बरोबर आहे. पण केंद्रात आपण बायकांना सांगतो की तुमच्या कामाला किंमत आहे, आणि त्या केंद्राचं भाडं तासाला आठ रुपयांच्या कामातून भरतो. हे मला जमत नाही. दुसरी वर्गणी काढा, मी दुप्पट देईन.

माझी मागणी अशी. आपल्या टेबलावर मावशींच्या आणि त्यांच्यासारख्या शिवणाऱ्या बायकांच्या गोधड्यांची मागणी नोंदवून घ्यावी, हजार रुपये मजुरीने, आणि त्यातून मंडळाने काही कापून घेऊ नये. आम्ही हौशी बायकांनी शिवलेल्या गोधड्या स्वस्तात विकू नयेत. निवारा घरात किंवा ज्यांना हव्यात त्यांना द्याव्यात, भेट म्हणूनच. विकायच्याच असतील तर प्रत्येकीला एक चिठ्ठी टाचावी. किती थर, किती मीटर टाका, किती तास, आणि तासाला पन्नास रुपयांप्रमाणे किती होतात. साठ तासांचे तीन हजार. घेणारा भेटला तर भेटला. नाही भेटला तरी चिठ्ठी वाचून तो पुढे मावशींकडे गेला तर सातशेवर घासाघीस करताना थोडा अडखळेल. असं होईलच अशी खात्री मी देत नाही. एक दिवाळी करून बघू.

आणि चिठ्ठी लिहायची तर वही हवी. तुमच्यातल्या ज्या विणतात, भरतकाम करतात, पापड-शेवया करून नात्यात वाटतात, त्यांनीही एक महिना तास लिहून बघावेत. आनंद कमी होत नाही, मी नऊ वर्षं लिहितेय. उलट घरात कुणी 'तू रिकामीच आहेस तर' म्हणून सुरुवात केली की वही पुढे करता येते.

या विषयावर दुपारच्या सत्रात मत घ्यावं अशी अध्यक्षांना विनंती आहे. येत्या रविवारी दुपारी दोन वाजता इथल्याच सभागृहात गोधडीचं शिकवणीसत्र आहे. शिकवायला मावशी येणार आहेत. त्यांची दिवसाची मजुरी सहाशे रुपये आपण वीसजणींनी तीस-तीस रुपये काढून द्यायची आहे, ती आल्याबरोबर माझ्याकडे जमा करा. येताना दोन जुन्या सुती साड्या धुऊन आणा. घरी काडी लावून बघा आणि मगच आणा. सुया आणि दोरा मी आणते. पॉलिएस्टर कृपा करून नको, माझ्याकडे अकरा किलो आहे.